नाळेवरचं तेल आणि रात्री अकराचं पाणी

आजीचं पत्र:

‘डॉक्टरताई, लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस पूर्ण भरलेले, बाळ तीन किलो शंभर ग्रॅम, रडलं खणखणीत. रविवारी रात्री अकराला पाणी जायला लागलं, कळा नव्हत्या म्हणून सकाळी दवाखान्यात नेलं, सोमवारी संध्याकाळी सहाला मोकळी झाली. गुरुवारी घरी आलो. त्या रात्री बाळ जरा मंद वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी दूध ओढेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिले काही दिवस बाळं झोपतातच, उद्या पाचवी पुजा, होईल ठीक. पहाटे तीनला कण्हायला लागलं, पाय गार. गाडी करून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तात जंतू निघाले, क्लेबसिएला म्हणाले. मणक्यातलं पाणी काढलं, ते स्वच्छ आलं. मधेच इंजेक्शन बदललं. चौदा दिवस काचेत होतं. परवा महिन्याचं झालं, दूध पितं, वजन वाढतंय. पण विहीणबाई म्हणतात, मी नाळेला तेल-हळद लावली आणि तिसऱ्या दिवशी बोटभर घुटी चाटवली म्हणून हे झालं. जावई म्हणतात, दवाखान्यातलेच जंतू. लेकीची अमेरिकेतली नणंद विचारते, ती जीबीएसची टेस्ट का केली नाही. नऊ महिने भरलेल्या बाळाला असं होतंच कसं? माझ्या हातून झालं का? पुढे काही राहील का? मालिश, धुरी, घुटी सुरू करू का? बारसं अजून व्हायचंय.’

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे जागेपुरतं छापलंय. त्यात तेल-हळदीवर दीड पान आहे आणि पाणी गेल्याचं अर्ध्या ओळीत उरकलंय. मी उलटं करणार आहे.

पण आधी नऊ महिन्यांचं. ‘दिवस भरलेले, वजन चांगलं, मग कसं?’ हे मला काचेबाहेर उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक आजीने विचारलंय. आपल्या मनात असं बसलंय की काचेत जातं ते अपुऱ्या दिवसांचं, मूठभर बाळ. त्यांना धोका जास्त, हे खरंच. भरल्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार असतात, अंगावर चरबी असते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून त्याला संरक्षणाची बरीच शिदोरी मिळालेली असते. मात्र या शिदोरीतला एकच प्रकार वारेतून पलीकडे जातो. क्लेबसिएला, ई. कोलाय ही आतड्यात राहणारी मंडळी. त्यांच्याशी लढायला जो दुसरा, आकाराने मोठा प्रकार जास्त कामी येतो, तो वार ओलांडूच शकत नाही. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींची बाळाची राखीव फौज तुटपुंजी. तुमच्या-माझ्या अंगात जंतू शिरला तर बहुतेकदा तो एका जागी अडतो, गळू होतं, पू होतो, ताप चढतो. बाळात तो अडत नाही, रक्तात उतरतो आणि काही तासांत सगळीकडे पोचतो. यालाच सेप्सिस म्हणतात. तीन किलोचं बाळ दीड किलोच्या बाळापेक्षा कितीतरी दणकट असतं, पण तरी ते चार दिवसांचंच असतं.

आता रात्री अकरा.

पाणमोट म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नव्हे, ती बाळाभोवतीची भिंत आहे. ती शाबूत असेपर्यंत खालच्या वाटेवरचे जंतू सहसा वर पोचत नाहीत. ती फुटली की वाट मोकळी, आणि जितका वेळ जाईल तितकी अधिक मोकळी. म्हणून पाणी जाऊन अठरा तास उलटले की आम्ही बाळाकडे जरा जास्त लक्ष ठेवतो. रविवारी रात्री अकरा ते सोमवारी संध्याकाळी सहा, तुमचे झाले एकोणीस तास. त्यातले आठ घरी गेले. कळा नाहीत म्हणजे घाई नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर तुमच्या आईने, आणि तिच्या काळी घरीच बाळंतपणं होत होती, तेव्हा तिचं तरी काय चुकलं? अठरा तास उलटलेली बहुतेक बाळं खडखडीत असतात, हेही तितकंच खरं. तरीही मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमच्या पत्रातल्या, बाळ जन्मायच्या आधीच्या गोष्टींतली एकच पुढच्या वेळी बदलता येईल अशी, आणि बदलायलाच हवी अशी मला दिसते, ती ही. पाणी जायला लागलं की घड्याळ बघायचं, वेळ कागदावर लिहायची, स्वच्छ कापड लावायचं आणि कळांची वाट न पाहता निघायचं. पाण्याला वास असेल, रंग हिरवट असेल किंवा पोरीच्या अंगात ताप असेल, तर दारातच नर्सबाईंना ते सांगायचं. तिथे त्या आईला जंतुनाशक औषध देऊ शकतात, कळा आणू शकतात, आणि पुढे बाळाकडे बघणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर ही वेळ आधीच लिहिलेली असते. रात्री अकराला गाडी मिळत नाही हे मला कळतं. १०८ ला फोन लावा, गरोदर बाईसाठी आणि बाळासाठी १०२ आहे. तुम्ही बाळाला नेताना खासगी गाडीला साडेतीन हजार मोजलेत, ते वाचून वाईट वाटलं.

म्हणजे पाण्यामुळेच झालं का? इथे मला जावयांच्या बाजूने बोलावं लागेल.

आम्ही डॉक्टर एक रेघ मारतो, बहात्तर तासांची. त्याच्या आत बाळ आजारी पडलं तर जंतू बहुधा आईकडून, बाळंतपणाच्या वाटेने आले, असं पुस्तक सांगतं. त्यानंतर पडलं तर बाहेरून, म्हणजे हातांतून, कपड्यांतून, भांड्यातून, दवाखान्यातून किंवा घरातून. तुमचं बाळ ‘मंद वाटलं’ गुरुवारी रात्री, म्हणजे रेघेला नुकताच पाय लागलेला. आणि आपल्याकडे ही रेघच पुसट आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातल्या जंतूंचे जवळजवळ दोन-तृतीयांश आजार पहिल्या बहात्तर तासांतच झालेले दिसले, आणि जंतू कोणते? ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय. यातले पहिले दोन दवाखान्यांचे जुने भाडेकरू आहेत. जन्मून दोन दिवस न झालेल्या बाळाच्या रक्तात ते सापडतात, याचा अर्थ प्रसूतिगृहातली टेबलं, हातमोजे, तपासणारे हात, बाळाच्या तोंडातला चिकटा ओढायची नळी यांच्याकडेही बोट जातं. जावयांचा संशय म्हणूनच वेडगळ नाही. पण तुमच्या बाळाच्या बाबतीत ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या कल्चरच्या रिपोर्टवर जंतूचं नाव असतं, त्याचा पत्ता नसतो.

नणंदबाईंचंही सांगते, नाहीतर त्या व्हिडिओ कॉलवर पुन्हा विचारतील. जीबीएस, म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, हा एक वेगळा जंतू. अमेरिकेत भरल्या दिवसांच्या बाळांना पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त छळणारा तोच, म्हणून तिथे शेवटच्या महिन्यात सगळ्या गरोदर बायकांची तपासणी करतात आणि जंतू सापडला तर कळा चालू असताना पेनिसिलिन देतात. त्याने तिथलं प्रमाण खूपच खाली आलं. इंग्लंडमध्ये मात्र सरसकट तपासणी करत नाहीत. आपल्याकडे या जंतूचा वाटा त्या मानाने कमी, आणि तुमच्या बाळाला तो नव्हताच. ती तपासणी केली असती तरी क्लेबसिएला त्यात दिसला नसता. त्यांनी काळजीपोटी विचारलं, तेवढं घ्यावं.

आता तुमचं दीड पान. तेल, हळद, घुटी.

जंतू नाळेतून शिरले असते तर दारावर खूण राहिली असती. नाळेभोवतीची कातडी लाल, गरम, ताठर होते, लाली पोटावर पसरते, घाण वास येतो, पू येतो. तुम्हीच लिहिलंय की नाळ कोरडी होती आणि डॉक्टरांनी बघून काही म्हटलं नाही. खूण नव्हती म्हणजे शंभर टक्के दार बंद होतं असं नाही, पण संशयितांच्या रांगेत मी तेलाला बरंच मागे उभं करीन. घुटीचंही तसंच. सहाणेवर उगाळलेलं, बोटावरून चाटवलेलं, त्यात जंतू असू शकतात, पोट बिघडू शकतं; एका बोटाने रक्तात क्लेबसिएला उतरवला असं छातीठोक म्हणायला मात्र काहीही आधार नाही. विहीणबाईंना माझं हे वाक्य वाचून दाखवा. आणि लगेच पुढचंही: यापुढे नाळेला, बेंबीला काहीही लावायचं नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही द्यायचं नाही, डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून. घुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर सगळं त्यात आलं. तुमच्या हातून हा आजार झाला नाही म्हणजे ते करणं बरोबर होतं असं नव्हे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातल्या भांडणात त्या नेहमी एक होतात.

आता जे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, ते सांगते.

शुक्रवारी संध्याकाळी बाळ दूध ओढत नाही हे कुणी पाहिलं? तुम्ही. गुरुवारी रात्री ‘मंद’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला? तुमच्या. त्या बाळाला ताप नव्हता, खोकला नव्हता, रडत नव्हतं. या वयात रक्तातला जंतू असाच येतो, चोरपावलांनी. ताप येईलच असं नाही, कधी उलट अंग गार पडतं. मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा एका आईने मला सांगितलं, ‘काल याचं ओढणं वेगळं होतं.’ बाळ गुलाबी होतं, छाती स्वच्छ होती, मी म्हटलं, झोपेत असेल. सहा तासांनी ती परत आली तेव्हा बाळ राखाडी पडलं होतं. ते वाचलं, पण माझ्यामुळे नाही. तेव्हापासून ‘वेगळं’ हा शब्द ऐकला की मी खुर्ची ओढून बसते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच ओळखलं. खेड्यातल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत केलं, घरोघरी बाळं तपासायला लावली. त्यांच्या लक्षणांच्या यादीतली भाषा बघण्यासारखी आहे: आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं, आधी नीट ओढत होतं, आता कमी झालं, आधी जागं असायचं, आता सुस्त पडलंय. सगळा भर ‘आधी’ आणि ‘आता’ यांतल्या फरकावर. हा फरक कुठल्याही मशीनला दिसत नाही, कारण मशीन काल तिथे नव्हतं. अशी दोन लक्षणं एकदम दिसली की रक्तात जंतू समजून, घरी जाऊन, तोंडाने औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू करायचं. दवाखान्यात जायला तयार नसलेल्या कुटुंबांसाठी तो मार्ग होता. तुम्हाला तो घरी करून बघायचा नाहीये. ३९ गावांतला त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या आजाराने दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात ती पद्धत पुढे यातूनच देशभर गेली: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तुमच्याकडे कुणी आलं नाही असं लिहिलंत. लेकीची नोंद सासरच्या गावी असेल. माहेरी आलेली बाळंतीण दोन्ही गावांच्या वह्यांतून निसटते, हे मी फार वेळा पाहिलंय. आजच तुमच्या गावच्या आशाताईंना निरोप द्या, बेचाळिसावा दिवस अजून हातात आहे.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार पहाट हे नऊ-दहा तास गेले, ते जायला नको होते. शेजारच्या काकूंवर राग धरू नका, पहिल्या आठवड्यात बाळं खरंच सोळा-अठरा तास झोपतात. फरक असा की झोपाळू बाळाचं तोंड छातीशी नेलं, पायाच्या तळव्याला टिचकी मारली, की ते कुरकुरत का होईना, ओढायला लागतं. आजारी बाळ तोंडात घेतं आणि सोडून देतं, किंवा घेतच नाही. दोन वेळा लागोपाठ असं झालं की तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, आणि जुन्या बायका ती रात्र जागून काढायच्या. बाळासाठी ते दिवस नाजूक असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुजेला माझी हरकत नाही, पण बाळ दूध ओढत नसेल तर पूजा दवाखान्यातून परत आल्यावर.

अजून महिना-दीड महिना हीच नजर हवी. आजार एकदा झाला म्हणजे परत होणार नाही असं नसतं. उपचारांनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो उलटलेला मी पाहिलाय. काय बघायचं ते सांगते.

हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट असतील तर छान. पोट कोमट आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. आईच्या उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं. पोटही गार लागलं तर तसंच छातीशी धरून निघा. थर्मामीटर असेल तर काखेत लावा; साडेनव्व्याण्णवच्या वर किंवा शहाण्णवच्या खाली, दोन्ही दवाखान्याचे आकडे. ताप उतरवायचं औषध घरी देऊ नका, त्याने आकडा उतरतो आणि सगळे पुन्हा निर्धास्त होतात.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोटावरचं दुपटं बाजूला करून, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळ मधेच भरभर घेतं, मधेच थबकतं. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि परत तेवढेच आले तर निघा. गडचिरोलीतल्या बारापुढे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मण्यांचं साधं यंत्र केलं होतं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तुम्ही चवळीचे सहा दाणे घेऊन बसा. आणि ते कण्हणं. प्रत्येक श्वास सोडताना ‘ऊंह्’ असा आवाज येतो, तो दुखण्याचा नसतो. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ गळा आवळून हवा आत धरू बघत असतं. तो आवाज ऐकला की घड्याळ, मणी, दाणे सगळं ठेवून द्या आणि उठा. झटके, बरगड्यांखाली खोल खड्डा पडणं, फुगलेलं पोट आणि हिरवी उलटी, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, हेही तसंच.

इंजेक्शन मधेच का बदललं, यावरून जावयांना काहीतरी लपवल्याचा वास आलाय. तसं काही नाही. बाळ दाखल होतं तेव्हा जंतू कोणता हे कुणालाच माहीत नसतं, पण थांबायला वेळ नसतो. म्हणून आधी रक्त कल्चरला काढायचं, आणि लगेच बऱ्याच जंतूंना लागू पडणारी औषधं सुरू करायची. कल्चर म्हणजे ते रक्त पोषक पाण्याच्या बाटलीत घालून उबेत ठेवणं; जंतू असेल तर बहुधा दीड-दोन दिवसांत वाढतो. मग त्याला ताटलीत पसरून वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाही, ते औषध चालतं. तुमच्या बाळाचा क्लेबसिएला पहिल्या औषधाला जुमानत नव्हता, म्हणून दुसरं आलं. आपल्या दवाखान्यांतले असे जंतू निर्ढावत चाललेत, त्यात घराघरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या बाटल्यांचाही हात आहे. चौथ्या दिवशी बाळ तरतरीत दिसत असताना चौदा दिवस का? कारण बरं दिसणं आणि रक्त स्वच्छ होणं एकाच दिवशी होत नाही. मणक्यातलं पाणी काढल्याने बाळ लुळं होतं ही भीती सगळीकडे आहे. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. ते पाणी बघितलं नसतं तर मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू गेले होते का हे कळलं नसतं, आणि गेले असते तर इंजेक्शनं तीन आठवडे चालली असती.

ते पाणी स्वच्छ होतं, झटके आले नाहीत, बाळ भरल्या दिवसांचं, दूध ओढतंय, वजन चढतंय. या पाच गोष्टी एकत्र असलेली बहुतेक मुलं पुढे इतर मुलांसारखीच वाढतात. एक काम मात्र राहिलंय, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही: कानांची तपासणी. पाच दिवसांहून जास्त काचेत राहिलेल्या प्रत्येक बाळाची ती व्हायला हवी, जेंटामायसिन किंवा अमिकासिन मिळालं असेल तर नक्कीच. ‘बेरा’ म्हणून मागा. कानात छोटं बूच घालून करतात ती छोटी तपासणी एकटी पुरत नाही, कारण कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेतला दोष तिच्यातून सुटू शकतो. तीन महिन्यांच्या आत झाली पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या वाढीकडे लवकर लक्ष देणारं सरकारी केंद्र असतं, डिस्चार्ज कार्ड घेऊन तिथे विचारा. एरवी तुम्ही आजी आहात, तुम्हाला शिकवायला नको: दीड-दोन महिन्यांत तुमच्याकडे बघून हसायला हवं, चार महिन्यांत मान धरायला हवी. लसी चुकल्या असतील तर आशाताईंना कार्ड दाखवा, आजार झाला म्हणून त्या पुढे ढकलत बसायचं कारण नाही.

लेकीच्या दुधाबद्दल तुम्ही शेवटच्या पानावर, अगदी कोपऱ्यात लिहिलंय की ‘दूध बाधलं’ असंही कुणी म्हणालं. हे वाक्य घरात पुन्हा कुणी काढलं तर त्याला बाहेर ओट्यावर बसवा. चौदा दिवस ती पोरगी दर तीन तासांनी वाटीत दूध पिळून काचेच्या दारापाशी नेऊन देत होती, ते आधी नळीने गेलं, मग बोंडल्याने. या आजारात औषधाखालोखाल कामाचं तेच होतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली ती उगाच नाही. स्वतःच्या आईचं दूध मिळत नसेल तर दुसऱ्या आईचं द्यावं इतकं ते मोलाचं. आणि जावयांनी पाठवलेली ती जिवाणूंच्या थेंबांची जाहिरात. तिच्यामागे एक खरा अभ्यास आहे: ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात एक ठरावीक जिवाणू दिला, तेव्हा सेप्सिस आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. २०१७ ची गोष्ट. पण तो जिवाणू ठरावीक होता, मात्रा ठरावीक होती, आणि ती बाळं आजारी पडायच्या आधीची. दुकानातली बाटली म्हणजे तो नव्हे. पैसे वाचवा.

मालिश करा, आता महिना झालाय. पण करायची ती लेकीने किंवा तुम्ही, हलक्या हाताने, साबणाने चाळीस सेकंद हात धुऊन, बांगड्या-अंगठ्या काढून. मालिशवाल्या बाईंना इतक्यात बोलावू नका. त्या सकाळपासून पाच घरं करून येतात आणि पाचही घरांतलं थोडं थोडं आणतात. नाकात-कानात तेल नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम: बाळाच्या छातीला सुपारीएवढी गाठ दिसली, तिच्यातून दुधासारखं काही आलं, तर ती पिळायची नाही. आईच्या हार्मोन्समुळे भरल्या दिवसांच्या बाळांत ती येते, मुलांतही, आणि आपोआप विरते. पिळली की तिथे पू होतो. चांगली धडधाकट बाळं मी यासाठी ऑपरेशनला पाठवली आहेत.

धुरी नको. ओवा-वावडिंगाचा वास कितीही चांगला वाटला तरी बंद खोलीतला धूर तो धूरच, आणि खाटेखालच्या निखाऱ्यांनी माणसं गुदमरतात. शेक हवाच असेल तर बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीचा.

बारसं करा, नक्की करा. चार घरची माणसं, दुपारची वेळ, खिडक्या उघड्या. पाहुण्यांनी बाळाला हातोहात फिरवायचं नाही, गालाचा मुका नाही, बघायचं ते पाळण्यातच. हे सांगायचं काम जावयांना द्या, त्यांना कुणी उलट बोलणार नाही. विहीणबाईंना आदल्या दिवशीच बोलवा आणि पाहुण्यांच्या हातावर साबण-पाणी घालायला त्यांनाच उभं करा. कानात कुर्र करायला एकच आत्या पुरे, अमेरिकेतली फोनवरून करेल. आणि इथल्या आत्याला सर्दी असेल तर तोंडाला पदर लावून, लांबूनच.